लोखंड खाली, दगड वर

१

"कोणी केलं हे?"

धम्मदीप सरांचा आवाज एवढा चढलेला मी तीन आठवड्यांत ऐकला नव्हता. हातातला चहा खाली ठेवून मी तंबूकडे पळालो. पळालो म्हणजे साठी ओलांडलेला, गुडघ्यांनी बेजार माणूस जेवढं पळतो तेवढंच.

आत सतरंजीवर कापडी पिशव्या पाच रांगांत मांडल्या होत्या. सर मधोमध उकिडवे बसलेले, चष्मा कपाळावर. समोर रेणू उभी होती आणि तिचं तोंड पार उतरलं होतं.

"जमादार, कोठीची चावी तुमच्याकडेच असते ना?"

"हव सर. करदोड्याले बांधली हाय. आंघोळीलेबी सोडत नाई."

"मग ही अदलाबदल झाली कशी?"

माझं डोकंच फिरलं. मी इश्वर कापगते. भंडारा जिल्हा पोलिसात चौतीस वर्षं काढून जमादार म्हणून निवृत्त झालो. सानगडीच्या पुढे आमचं बेलटोला. तिथल्या टेकाडावर धम्मदीप सरांसोबत नागपूरच्या एका संस्थेची माणसं यंदा हिवाळ्यात जुन्या काळाच्या खुणा शोधायला आली, तेव्हा राखणीला सरपंचांनी माझं नाव सुचवलं. या माणसाइतका संशयी गावात दुसरा नाही, असं ते म्हणाले म्हणे. मी ते कौतुकच धरलं. बोलायला लागलो की मी अस्सल झाडीपट्टीचा, पण कागदावर उतरलो की पंचनाम्याची मराठी येते, तेवढं सांभाळून घ्या.

"सर, माह्या कुलपावर संशय घेऊन राहिले का तुमी?"

"कुलपावर नाही, जमादार. माणसांवर." सर उठले. "चर क्रमांक दोनमध्ये जे वरच्या थरात मिळायला हवं ते खालच्या थराच्या पिशव्यांत आहे, आणि खालचं वरच्या पिशव्यांत. एखाददुसरी वस्तू नाही, सगळ्याच्या सगळ्या. मी दहा दिवस नागपूरला काय गेलो, हा गोंधळ!"

रेणू काहीतरी बोलू पाहत होती, पण सरांनी हात वर केला.

"उद्या संध्याकाळपर्यंत हे कसं झालं ते कळलं नाही, तर हा चर बाद. आणि रेणू, तुलाही घरी जावं लागेल. माझा नाइलाज आहे."

तिने मान खाली घातली. मला मात्र ते फार लागलं.

२

रेणू सानगडीची पोर. वडील भैय्यालाल धानाचे व्यापारी. पोरीने नागपूरला जाऊन पुरातत्त्वात एम. ए. केलं आणि पहिल्याच खोदकामात तिला स्वतःचा चर मिळाला. चर म्हणजे टेकाडात उभा कापलेला लांबट खड्डा. तो बघायला अर्धी सानगडी येऊन गेली होती. आता ज्याच्या पिशव्या उलटसुलट झाल्या, त्याला पुढे कुठल्याच खोदकामावर कोणी उभं करत नाही, हे तिनेच मला सांगितलं. चराच्या काठावर बसून सांगितलं, रडत नव्हती, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

"हे पाह्य पोरी," मी म्हणालो, "मी चोऱ्या पकडल्या, मारामाऱ्या पकडल्या. हे थरबिर मले समजत नाई. पहिल्यापासून सांग."

"सोपं हाय काकाजी. तुमी खुर्चीवर कपडे टाकत जाता ना?"

"त्यावरून तुही काकी रोज बोलते मले."

"परवाचा सदरा खाली, कालचा त्याच्यावर, आजचा सगळ्यात वर. जमिनीचंबी तसंच. जुनं खाली, नवं वर. आमी वरून खाली मोजत जातो. थर एक म्हणजे सगळ्यात वरचा, पाच म्हणजे सगळ्यात खालचा."

"बरं. पण कोनता थर कोन्या काळचा, हे कसं कळते? तारीख थोडीच लिहिली असते!"

"नाई ना. त्या काळी लिहिणंच नव्हतं. राजाचं नाव नाई, सन नाई. मंग वस्तूंवरून काळ पाडले. पहिले दगड, मंग तांबं आणि कासं, मंग लोखंड. दूरदेशच्या एका संग्रहालयवाल्यानं कपाटं लावताना हे तीन कप्पे केले. दोनशे वर्षं झाली, अजून तेच चालून राहिले. मंग दगडाच्या कप्प्यातबी खण पडले. मोठ्या ओबडधोबड हत्यारांचा सगळ्यात जुना, मंग नखाएवढ्या बारीक पात्यांचा, मंग घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडींचा." ती जरा थांबली. "कप्पे आपुन केलेले हायेत, काकाजी. प्रत्येक गावात सगळे भरतीलच असं नाई. काही रिकामेबी राहतात."

"आपल्या टेकाडात कोनते भरले?"

"दोनच. बारीक दगडी पाती, अन् लोखंड. लोखंडवाल्यांची काळी-तांबडी खापरं पन निघाली. आता पाती खाली पाहिजे, लोखंड वर."

"अन् निघालं काय?"

"पाती वर, लोखंड खाली. हे म्हणजे नातू आधी जन्मला अन् आजा मागून, असं झालं."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"पाती वर निघाली तेव्हा मले वाटलं, नांगरानं माती उलथली असन. चार दिवसांमागं तळाशी लोखंड निघालं, तेव्हा घाबरले. पन दिसलं तेच लिहिलं. आता सगळे असे पाहून राहिले की मलेच वाटते, माह्याच हातून पिशव्यांतल्या चिठ्ठ्या चुकल्या असतील काय?"

तिने खिशातून घडी केलेला कागद काढला. 'पिशव्यांमधील चूक सर्वस्वी माझी आहे' असं त्यावर लिहिलं होतं, खाली सहीही होती.

"सर खापरं धुनाऱ्या बायाबाईवर संशय घेऊन राहिले. धुण्यात तिनंच मिसळलं म्हणतात. तिच्यावर येण्यापेक्षा मी लिहून देते."

"तू केलं काय हे?"

"नाई."

"मंग कायले लिहिते? कबुलीजबाब घ्याचा का नाई, ते जमादार ठरवते." मी कागद तिच्या हातातून काढून माझ्या खिशात घातला. त्या क्षणापासून हा तपास माझा झाला.

३

पहिला गाठला भूपेंद्र. तुमसरचा पोरगा, रेणूच्याच वर्गातला. चर क्रमांक दोन त्याला हवा होता, सरांनी त्याच्या गळ्यात कॅमेरा अडकवला. असा माणूस जळला नसेल तरच नवल.

"माह्याकडं असे काय पाहून राहिले काकाजी? हव, मले चर पाहिजे होता. रागबी आला होता. पन पिशव्यांले मी हातबी लावत नाई."

"सिद्ध कर."

त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला. रोज संध्याकाळी चराचं काम थांबलं की तो एक फोटो काढायचा. थराचा नंबर खडूने लिहिलेली पाटी, शेजारी त्या दिवसाच्या पिशव्या, तोंडं बांधलेली. एकवीस दिवसांचे एकवीस फोटो. एका फोटोत पाठीमागे मी तोंड वासून जांभई देताना दिसत होतो, तो मी पटकन पुढे सरकवला.

"म्हणजे चरातून कोठीपर्यंत पिशव्या ठीक गेल्या," मी म्हणालो. "अन् कोठीले माहं कुलूप."

भूपेंद्र कॅमेऱ्याचं झाकण लावता लावता हसला.

"कुलूप? मंगळवारी दुपारी कोठी सताड उघडी होती काकाजी. तुमी जेवाले गेल्ते."

मी करदोड्याची चावी चाचपली. मंगळवारी माझ्या बायकोने, रंभाने, झिंग्यांची भाजी केली होती. पोरगं खोटं बोलत नव्हतं. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलो आणि दोनदा भात वाढून घेतला.

"अन् आत कोन होतं?"

"बायाबाई. एकटीच. चार-पाच पिशव्या उघड्या घेऊन बसली होती."

४

बायाबाई ढिवरीन. नवरा तलावात मासे धरतो, ही खोदकामावर खापरं धुते. हौदाजवळ दगडावर बसलेली, पुढ्यात घमेलं, बाजूला सुपांची रांग. मी समोर जाऊन उभा राहिलो तर तिने वरही पाहिलं नाही.

"मंगळवारी कोठीत काय करत होती वो?"

"तुमी जेवत होते, मी काम करत होती."

बाप्पा, काय जीभ! मी दगडावर टेकलो.

"चार पिशव्या संगच काहून उघडल्या?"

"कोन म्हनते उघडल्या? खोलून ठेवल्या होत्या बांधाले. धुतलेला माल वाळला का भराचा, अन् तोंड बांधाचं. एक पिशवी, एक घमेलं, एक सूप. चिठ्ठी सुपात, गोट्याखाली. दुसरी पिशवी धुवाले तवाच घ्याची, जवा पहिलीचं सूप हौदावरून उचललं. मले वाचता नाई येत जमादारभाऊ, म्हून मी चिठ्ठीले हातबी लावत नाई. वाचता येनाराच इकडची तिकडं करते."

तिने एक पिशवी उचलून तिची गाठ मला दाखवली. जाळं विणताना घालतात ती गाठ. मी सोडवायला गेलो तर नख मोडायची वेळ आली. कोठीतल्या पिशव्या मी एकेक करून तपासल्या. सरांनी त्या दिवशी उघडलेल्या सोडल्या तर सगळ्यांवर तीच गाठ होती. बेलटोल्यात ढिवरांचं घर एकच. म्हणजे तिच्यामागे कोणी पिशव्या खोलल्या नव्हत्या.

"पन बाई, धुतानाच चुकलं असन तर? धुतलेलं खापर कोन्या थरातलं, कसं सांगाचं?"

"खापराचं नाई सांगता येनार. पन लोखंडाचं सांगा ना," ती म्हणाली. "लोखंड मी धुतच नाई. रेनूमायनं पहिल्या दिवशीच सांगतलं, त्याले पानी लागलं का सडते. मातीसकट डबीत ठेवाचं."

मी उभाच राहिलो. चौतीस वर्षांत असा साक्षीदार मला कोर्टात एकदाही मिळाला नाही.

कोठीत जाऊन थर पाचच्या लोखंडाच्या डब्या उघडल्या. भाल्याचं टोक, छिन्नी आणि एक वाकलेलं कडं. तिन्हींवर गंजात रुतलेली माती कुळकुळीत काळी. बायाबाईने न धुतलेली थर एकची एक पिशवीही दिली. तिच्यातल्या दगडी पात्यांना चिकटलेली माती पिवळी, मुरमाड. तळहातावर दोन्ही रंगांची माती घेऊन मी चरात उतरलो. चराची भिंत वर पिवळी होती. खाली काळी होती.

लोखंड खालूनच आलं होतं, पाती वरूनच आली होती. चिठ्ठ्या बरोबर, पिशव्या बरोबर, बायाबाई बरोबर, रेणू बरोबर. मी अक्षरशः नाचतच तंबूत गेलो.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. माती बघितली. मग हळूच म्हणाले, "जमादार, हे तर जास्तच वाईट झालं."

"काहून सर?"

"पिशव्या चुकल्या असत्या तर तो निष्काळजीपणा होता. पण या वस्तू खरंच उलट्या क्रमाने जमिनीत असतील, तर त्या कोणीतरी मुद्दाम पुरून ठेवल्या. ही फसवणूक आहे. आणि चर सुरू झाल्यापासून तिथे रोज कोण होतं?"

नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

५

"तुमी पोरीले वाचवाले गेल्ते का बुडवाले?" रंभाने ताट माझ्यासमोर जवळजवळ आपटलंच. घरी येऊन सगळं सांगितलं ही माझी चूक. "आता सकाळी उठून पहिले ते निस्तरा."

सकाळी मी मुन्नाकडे गेलो. टेकाडाला लागून जमीन मुन्नाची. टेकाड सपाट करून तिथे धान लावायचा त्याचा बेत होता, खोदकामाने तो अडला होता. पुरलेल्या मालामुळे खोदकाम बदनाम होऊन बंद पडलं तर फायदा याचाच. शिवाय जेसीबी याच्या हाताशी. मी मनातल्या मनात त्याला अर्धी बेडी घालूनच निघालो होतो.

मुन्ना वरच्या बांधीत शेततळं खोदत होता. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत. मला बघून त्याने मशीन थांबवायला लावलं. मी संशय सरळ तोंडावर बोलून दाखवला.

"मी पुरलं?" तो हसत सुटला. "काकाजी, चराच्या तळात खापरं किती निघाले?"

"पोतं-दीड पोतं."

"अन् ते अठरा फूट लांबीत सारखे पसरले हायेत. एवढे खापरं पुराले मले टेकाड उलथं करा लागन. ते उलथं केलं तर रेणूले चर खोदताना माती भुसभुशी लागली नसती काय? तिथं तर कुदळ टनकते. अन् दोन-दोन हजार वर्षांचे खापरं मी आनू कोठून, साकोलीच्या बाजारातून?"

बोलणं बिनतोड होतं. पोत्याने खापरं कोणी पेरत नाही, आणि घट्ट जमिनीत तर नाहीच. मी वरमून विषय बदलला.

"शेततळं इथं कायले? खालच्या बांधीत खोद ना, तिथं ओल हाय."

"तेच तर वांदे हायेत. ते टेकाडाच्या पोटाशी असलेली बांधी पाहा, सगळ्या बांध्यांपेक्षा गुडघाभर खोल हाय. तिथं पानी आटतच नाई. जेसीबी फसते."

मी बघितलं. खालच्या बांधीत लाखोरीचं कडधान्य हिरवंगार, दाट उभं होतं. जानेवारीत बाकीच्या बांध्यांना भेगा पडल्या होत्या.

मग मी शेततळ्यात डोकावलो. खड्ड्याची कापलेली भिंत स्वच्छ दिसत होती. वर हातभर काळी माती, तिच्यात दोन-चार खापरं अडकलेली. तिच्याखाली पिवळा मुरूम. म्हणजे शिकवल्याप्रमाणे, नवं वर आणि जुनं खाली.

आणि खड्ड्याच्या काठावर खोदून टाकलेला ढीग होता. जेसीबीने त्याची एक बाजू नुकतीच कापली होती. ढिगात काळी माती तळाशी होती आणि पिवळा मुरूम वर.

आधी खणलं ते आधी टाकलं. मागून खणलं ते त्याच्यावर टाकलं.

मी ढिगाकडे बघितलं. मग टेकाडाकडे. मग टेकाडाच्या पोटाशी असलेल्या त्या खोल बांधीकडे.

"मुन्ना, तुहा फवारणीचा पंप दे. चार वेळा धुऊन, साध्या पान्यानं भरून दे."

"कायले?"

"आरोपी सापडला."

६

दुपारी दोन वाजता मी सगळ्यांना चराच्या काठावर उभं केलं. सर, भूपेंद्र, बायाबाई आणि मुन्ना. रेणू जरा लांब, हाताची घडी घालून. अटकेच्या वेळी येते तशी मला उगाच ढेकर येत होती.

"सर, ही पिवळी माती वर कशी आली म्हनता तुमी?"

"नाल्याच्या पुराने आणून टाकली असेल. मी पहिल्या दिवशीच तशी नोंद केली होती."

"पुरानं आनली तर सारखी बसन ना? पानी माती पसरवते."

"हो, सपाट बसायला हवी."

मी पाठीवर पंप चढवला आणि चराच्या भिंतीवर पाणी मारलं. सुकून नुसतीच वर पिवळट, खाली काळपट दिसणारी भिंत ओली झाली आणि तिच्यातले रंग वर आले. पिवळ्या मातीत काळे, काळ्या मातीत तांबूस, असे गोळेच गोळे. एकाला एक खेटून, तिरपे, एकावर एक पडलेले. प्रत्येक गोळा जेमतेम एका टोपलीएवढा.

बायाबाई पुढे वाकून म्हणाली, "हे तर टोपलीनं टाकलेलं हाय."

"तेच!" मी म्हणालो. "सर, हे टेकाड नाई. ही तलावाची पाळ हाय, मातीचा बांध. तलाव खोदला त्या खोल बांधीत. खोदनाऱ्यानं पहिले वरची काळी माती काढली, तिच्यात लोखंडवाल्यांची खापरं अन् लोखंड होतं. ते पाळीच्या तळाशी पडलं. मंग खाली मुरमात शिरले, तिथं दगडी पाती होती. ते टोपलीनं वर आलं अन् पाळीवर पडलं. पाळीची माती चोपून बसवतात, म्हून कुदळ टनकते. मंग कधीतरी पाळ फुटली, तलाव गेला, दोन्ही टोकं शेतकऱ्यांनी सपाट केले अन् मधला तुकडा उरला. कोनं पिशव्या बदलल्या नाई, कोनं काही पुरलं नाई. खालचं वर अन् वरचं खाली करनारा माणूस केव्हाचाच मेला."

सर भिंतीजवळ गेले. ओल्या गोळ्यांवरून बोट फिरवत राहिले, एकावरून दुसऱ्यावर.

"छान आहे," ते म्हणाले. "पण जमादार, छान असणं म्हणजे सिद्ध होणं नाही. हे खरं असेल तर आणखी काय दिसायला पाहिजे?"

मी पाठीवरचा पंप उतरवून खाली ठेवला.

"पाळीच्या खाली जुनी जमीन दाबून पडली असन," मागून रेणूचा आवाज आला. ती कधी पुढे आली मला कळलंच नाही. "तिले कोणी हात लावला नाई. तिथं क्रम सुलटा पाहिजे. पहिले काळी माती अन् खापरं, तिच्याखाली मुरूम अन् पाती. मुरमात लोखंड एकबी नाई."

"आणि निघालं तर?" सरांनी विचारलं.

"निघालं तर मी घरी जाते."

ती खुरपी घेऊन चरात उतरली.

७

हातभर लांब-रुंद चौकोन तिने तळाच्या एका कोपऱ्यात आखला. आम्ही वर. भूपेंद्र न सांगता खाली उतरला आणि तिची माती घमेल्यात भरून वर द्यायला लागला. बायाबाई प्रत्येक घमेलं चाळत होती.

चार बोटं खाली गेल्यावर एक काळपट पट्टी लागली, कुजलेल्या गवताच्या मुळ्यांची. सर एकदम वाकले. "हा जुना पृष्ठभाग," ते पुटपुटले. त्याच्याखाली काळी माती, तिच्यात खापरं आणि लोखंडाचा एक खिळा. इथवर ठीक. मग माती पातळ होत गेली आणि पिवळा मुरूम लागला.

मुरमात काहीच नव्हतं. एक घमेलं. दुसरं. पाचवं. सूर्य कलायला लागला. बायाबाई चाळणी हलवायची, रिकामी करायची. मुन्ना सारखा माझ्याकडे बघायचा आणि मी मुद्दाम आभाळाकडे बघत होतो. पोरीला मीच भरीस घातलं, असं मनात येत होतं. देवा, एक तरी निघू दे रे, असं मी म्हणत होतो, आणि देवाचं नाव मी सहसा घेत नाही.

आठव्या घमेल्याला बायाबाईची चाळणी थांबली.

"रेनूमाय," ती म्हणाली, "हे तुहंच हाय का पाह्य."

तिच्या तळहातावर नखाएवढं, पांढुरकं, चकाकणारं दगडी पातं होतं. एक कड इतकी धारदार की तिच्या बोटाला रक्ताचा टिपका आला होता. त्याच घमेल्यात आणखी दोन निघाली. अंधारून येईपर्यंत एकूण अकरा. लोखंडाचा तुकडा एकही नाही.

धम्मदीप सर चरात उतरले. मोठा माणूस, वीस वर्षं हेच काम केलेला. रेणूसमोर उभे राहून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "माझं चुकलं. पहिल्या दिवशी मी पूर म्हणून मोकळा झालो आणि तुझ्या नोंदींवर संशय घेतला. तुझी एकही चिठ्ठी चुकलेली नाही. चर बाद होणार नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "जमादार, तलाव कोणी खोदला असेल, काही अंदाज?"

"अंदाज कायचा सर! आपल्या भागात जुने तलाव खोदनारे कोन? कोहळी. म्हणजे आमच्याच जातीची माणसं. आरोपी माह्याच घरचा निघाला." मी छाती फुगवून म्हणालो. एवढ्या अभिमानाने मी आजवर कुणाचं नाव आरोपपत्रात घातलं नव्हतं.

सगळे हसले. सरही. मुन्नाने टेकाड सपाट करायचा बेत तिथल्या तिथे सोडला आणि पाळीच्या दोन्ही अंगांनी जागा द्यायला तयार झाला. तलाव किती जुना, ते पुढच्या वर्षी शोधायचं ठरलं. आपण केलेल्या कप्प्यांत आता तलाववाल्यांचाही एक खण पाडावा लागेल, असं सर म्हणाले आणि रेणूकडे वळले.

"पुढच्या वर्षी हे सगळं काम तुझ्या नावावर. अहवालही तूच लिहायचा. उद्यापासून बसशील?"

मी रेणूच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता ही हसेल किंवा रडेल. तिने खुरपी पुसली, खाली ठेवली आणि म्हणाली, "उद्या नाई सर. मले एक दिवस सुट्टी पाहिजे."

"सुट्टी? काहून?" सरांच्या तोंडूनही 'काहून' निघालं, म्हणजे बघा.

"मले झोपाचं हाय. चार दिवस झाले, डोळ्याले डोळा नाई लागला."

रंभाने तिला सरळ आमच्या घरी आणलं. दोन घास वरण-भात खाल्ला आणि पोर मधल्या खोलीतल्या बाजेवर आडवी झाली ती झालीच. सकाळ झाली, कोंबडे आरवून थकले, शेजारच्यांचा ट्रॅक्टर तीनदा सुरू झाला आणि बंद पडला, तरी उठली नाही. भैय्यालाल सानगडीहून मोटारसायकलवर तिला न्यायला आले, तर रंभाने त्यांना अंगणातच थोपवलं आणि चहा हातात दिला. मला खोकला आला तर ती मलाच बाहेर काढायला निघाली. शेवटी आम्ही दोघं म्हातारे दारात, दोन पाटांवर, गप्प बसून राहिलो. दुपारी एक वाजता आतून रेणूचा आवाज आला, काकी, भूक लागली.